नखभर पाणी

एक वाटी घ्या. स्टीलची चालेल, काचेची असेल तर जास्त बरी, पाण्याची रेघ दिसेल. काठोकाठ पाणी भरा आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवून द्या. जवळ सावली असेल तिथे बसा. भिंतीला पाठ टेकलीत तरी हरकत नाही. आजच्या मननाला एवढंच साहित्य लागतं. विषय व्हिस्कीचा आहे, पण बाटली उघडायची नाही. पिणाऱ्यांनी नाही, आणि न पिणाऱ्यांनी तर नाहीच.

मी फरीदाबादला बसले आहे. जूनचा पहिला आठवडा, दुपारचे साडेतीन. एका बाजूला अरवलीची बुटकी रांग धुळीत पुसट झालेली, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचे पत्रे चमकताहेत. लूचा गरम वारा अजून थांबलेला नाही. कठड्यावर माझी वाटी आहे आणि खाली लोणच्याची बरणी, तोंडाला धुवट फडकं बांधलेली. इथल्या मंडईत लोणच्यासाठी ‘रामकेला’ आंबा मागायचा, हे शिकायला मला दोन उन्हाळे लागले. फोडी घालून आज आठ दिवस झाले. रोज एकदा बरणी हलवायची आणि वाट पाहायची. लोणचं मुरतंय.

‘मुरणं’ हा शब्द जरा तोंडात धरून ठेवा. शिजणं वेगळं, आंबणं वेगळं, जुनं होणं वेगळं. मुरताना काहीतरी आत जातं, काहीतरी बाहेर येतं आणि मधला वेळ कुणालाच गाळता येत नाही. पाणी जमिनीत मुरतं, मीठ फोडीत मुरतं, माणूस धंद्यात मुरतो. व्हिस्की पिंपात मुरते असं मी म्हणेन, आणि त्या एका क्रियापदाच्या आधाराने आपण आता पावणेदोनशे किलोमीटर उत्तरेला जाऊ. मनाने. मी तिथे आत गेलेले नाही. गोदामाच्या दारापर्यंत आपल्याला श्वास नेईल.

दिल्ली ओलांडा. कुंडली, सोनिपत. मग पानिपत येतं, आणि गाडीत कितीही गप्पा चालू असल्या तरी मराठी माणूस तिथे अर्धा मिनिट गप्प होतोच. पुढे कर्नाल. कर्नालच्या बाजूला यमुनेकडे कुंजपुरा आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेने ते ठाणं घेतलं आणि अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं. तीन महिन्यांनी, जानेवारी १७६१ मध्ये, तीच फौज पानिपतावर उपाशी पोटाने लढली. याच पट्ट्यात, कर्नालच्या थोडं वर, इंद्री नावाचं तालुक्याचं गाव आहे. ‘इंद्री’ म्हटलं की माझ्या कानाला आधी इंद्रियं आठवतात. बाहेरच्या जगाला आता त्या नावाने एक सिंगल माल्ट व्हिस्की आठवते.

ती करणारी कंपनी पिकॅडिली ॲग्रो. नाव लंडनच्या रस्त्याचं, पण मुळात हा साखर कारखाना. म्हणजे आजूबाजूला काय दिसत असेल ते सांगलीच्या, कोल्हापूरच्या, नगरच्या वाचकाला सांगायला नको: उसाच्या ट्रॉल्या, चिपाडांचा ढीग, हंगामात दूरवर पसरणारा मळीचा वास. आपल्याकडे मळी आणि दारू यांचं नातं जगजाहीर आहे. भारतात व्हिस्की म्हणून जी खपते तिच्यातल्या बऱ्याचशा मालाचा पाया मळीपासून काढलेलं स्पिरिट हाच असतो. युरोपच्या कायद्यात त्याला व्हिस्की म्हणताच येत नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच हवी. इंद्रीच्या त्या आवारात ऊस आहे, आणि त्याच्या शेजारी एक वेगळं, फार सावकाश काम चालतं. ते उसाचं नाही, जवाचं आहे.

आता हळू व्हा. मुठीत जव आहेत असं समजा. आपल्या जुन्या माणसांचे सातू. फोलपट घट्ट, हाताला किंचित खरखरीत. नोव्हेंबरात पेरलेले, एप्रिलच्या सुमारास कापलेले. राजस्थानातून, हरियाणातून आलेले. शेत नांगरणारा ट्रॅक्टर कदाचित माझ्याच शहरातला असेल. फार्मट्रॅक आणि पॉवरट्रॅक इथेच बनतात. आपल्याकडच्या जवाच्या ओंबीत दाण्यांच्या सहा ओळी असतात, स्कॉटलंडमध्ये बहुधा दोन ओळींचा जव वापरतात. सहा ओळींच्या दाण्यात प्रथिनं आणि फोलपट जास्त, पिठूळ भाग कमी. टनामागे दारू कमी निघते. तरीही इथल्या माल्टवाल्यांनी तो सोडला नाही.

या दाण्यांना दोन दिवस पाण्यात ठेवतात, अधूनमधून उपसून हवा देतात, मग पसरून ओलसर ठेवतात. चारपाच दिवसांत मूळ फुटतं. मटकीला मोड आणणाऱ्या कुठल्याही बाईला यात नवल नाही. पण मोड येताना आत काय घडतं त्याकडे पाहा. दाण्याला वाटतं पाऊस आला. तो आपल्या साठवणीची कुलुपं उघडायला लागतो; पिठाचे घट्ट दगड फोडणारी एन्झाइम तयार करतो, रोपाला खायला मिळावं म्हणून. आणि नेमकं त्याच वेळी त्याला गरम हवेत वाळवून थांबवतात. कुलुपं उघडलेली, खाणारं कुणी नाही. यालाच माल्ट म्हणायचं. माझी आजी नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत सुकवून, दळून सत्त्व करायची, नातवंडांसाठी. ती माल्टच करत होती. तिला हा शब्द ऐकवला असता तर तिने पुढचं सत्त्व घरातून बंद केलं असतं.

दाणा वाळवायला स्कॉटलंडच्या काही भागांत लाकूड नव्हतं, म्हणून दलदलीतली कुजून दबलेली वनस्पती, पीट, विटांसारखी कापून जाळत. तो धूर ओलसर दाण्यात शिरतो आणि पुढे कितीही उकळलं, गाळलं, वर्षानुवर्षं ठेवलं तरी जात नाही. हरियाणात रस्त्याच्या कडेला शेणाच्या गोवऱ्यांचे नक्षीदार ढीग दिसतात, त्यांना बिटोडे म्हणतात. गोवरीवर भाजलेल्या भाकरीचा वास ज्यांच्या लहानपणात आहे त्यांना पीटचा धूर समजावून सांगावा लागत नाही.

एक श्वास घ्या. वाटीकडे बघू नका अजून.

भरडलेल्या माल्टवर साधारण ६४ अंशांचं पाणी सोडतात. जास्त कढत झालं तर एन्झाइम मरतात, कोमट राहिलं तर आळसावतात. तासाभरात पिठाची साखर होते आणि तळातून गोड, पिंगट पाणी निघतं. त्यात यीस्ट टाकलं की ते फसफसतं. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं तसंच. फक्त दोन ते चार दिवस, आणि इतक्या जोरात की टाकीवर फेस तोडणारी पाती फिरवावी लागतात. शेवटी जे उरतं ते आठनऊ टक्के अल्कोहोलचं आंबट पेय, जवळपास बिअरच. हा टप्पा मी लवकर ओलांडते. पुढचा हंडा मला जास्त खुणावतो.

हंडा तांब्याचा असतो, पोट फुगीर, मान लांब आणि शेवटी वाकलेली. तांबंच का? उष्णता छान खेळते म्हणून, आणि वाफेतल्या गंधकाच्या उग्र संयुगांना तांबं धरून ठेवतं म्हणून. हे काम करताना हंडा आतून झिजतो. काही वर्षांनी पत्रा बदलावा लागतो. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. या बावीस अंशांच्या फटीतून सगळी भट्टी चालते, मग ती गोव्यातली काजूची असो, मेळघाटातली मोहाची असो की स्कॉटलंडमधली. पहिल्या हंड्यातून वीसपंचवीस टक्क्यांचं पाणीदार स्पिरिट येतं. ते दुसऱ्या हंड्यात जातं.

आणि इथे आपली भाषा आपल्याला चकवते. मराठीत अस्सल, कडक गोष्टीला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात. माणसालाही म्हणतात, लावणीलाही. पण दुसऱ्या हंड्याशी उभा असलेला माणूस पहिली धार घेतच नाही. ती बाजूला काढतो. तिच्यात आधी उडणारी, नाकात शिरणारी, डोकं धरायला लावणारी द्रव्यं असतात. शेवटची धारही तो नाकारतो. तिला ओल्या पुठ्ठ्याचा, तेलकट वास येतो. ठेवतो ती मधली, सत्तरएक टक्के अल्कोहोलची. पहिली आणि शेवटची टाकून देत नाहीत, पुढच्या उकळीत पुन्हा घालतात. धार कधी तोडायची हा त्या माणसाचा खरा निर्णय. स्कॉटलंडमध्ये ही धार काच लावलेल्या पितळी पेटीतून वाहते आणि पेटीला कुलूप. ते आलं अबकारी खात्यासाठी, एक थेंब हिशेबाबाहेर जाऊ नये म्हणून. करणाऱ्याने पाहायचं, हात लावायचा नाही.

आपल्या ओळखीच्या गोष्टींतली पहिली धार कोणती आणि मधली कोणती, यावर थोडा वेळ बसा. मी नावं घेणार नाही.

स्कॉटलंडमधली या कामाची पहिली लेखी नोंद सरकारी हिशेबाच्या वहीतली आहे: १४९० च्या दशकात जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला ‘जीवनजल’ करण्यासाठी माल्ट दिल्याची. लॅटिनमध्ये जीवनजल, तिथल्या गेलिक भाषेतही जीवनाचं पाणी, आणि त्या गेलिक शब्दाची झीज होऊन व्हिस्की. पुढे कर आले, चोरटे हंडे डोंगरात गेले, आणि १८२३ च्या कायद्याने परवाना परवडण्याजोगा झाला. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. बाकीचे चोरटे इतके चिडले की तो कमरेला पिस्तुलं लावून हिंडत असे.

ब्रिटिशांनी हे काम भारतात आणलं तेव्हा त्यांनी थंडी शोधली. एडवर्ड डायरने १९ व्या शतकात कसौलीला, सहा हजार फुटांवर, दारूचं काम सुरू केलं. तिथे धुकं होतं, झऱ्याचं पाणी होतं, घरची आठवण होती. जालियनवाला बागेतला डायर हा त्याचा मुलगा. त्या उद्योगातूनच पुढे मोहन मीकिन ही कंपनी झाली आणि कसौलीचे हंडे स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. म्हणजे इथे व्हिस्की करायची तर डोंगरावर जायचं, ही समजूत फार जुनी.

ती समजूत जोरात मोडली बंगळूरच्या एका घराने. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये तिथे अमृत डिस्टिलरीज काढली. आडनाव आपल्या कानाला अगदी घरचं, आणि कंपनीचं नाव तर जीवनजलाचा आपल्याकडचा जुना अवतार. त्यांचे चिरंजीव नीलकंठ राव जगदाळे यांनी २४ ऑगस्ट २००४ रोजी आपली सिंगल माल्ट बाजारात आणली. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, ग्लासगोत. चकलीचं दुकान भाजणीच्या गावी उघडावं तसं. सुरुवातीला तिथल्या लोकांनी हसून घेतलं. २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये समीक्षक जिम मरेने अमृत फ्यूजनला जगात तिसरा क्रमांक दिला, मग हसणं थांबलं. त्याच घरात बरीच वर्षं काम केलेले सुरिंदर कुमार पुढे इंद्रीला आले. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्कीची भट्टी आहे. पण बंगळूर तीन हजार फुटांवर, गोव्याला समुद्राची ओल. इंद्री सपाट आहे, आणि जानेवारीत दात वाजतात, जूनमध्ये डांबर मऊ होतं.

आता गोदामात या. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. पिंपं आडवी, रांगेवर रांग. बरीचशी अमेरिकेतून आलेली. तिथल्या कायद्याप्रमाणे बर्बनला दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं जगभर मिळतात. त्याशिवाय फ्रेंच वाइनची पिंपं आणि स्पेनच्या गडद, मनुक्यासारख्या पेद्रो हिमेनेस शेरीची. या तीन लाकडांमुळे २०२१ मध्ये आलेल्या पहिल्या इंद्रीचं नाव ‘त्रिनी’. पिंप धुऊन वास घालवत नाहीत. आधीच्याची आठवण हवी असते. लोणच्याची जुनी बरणी घरातली मोठी माणसं दुसऱ्या कशाला देत नसत, ते आठवा.

रंगहीन, पाण्यासारखं स्पिरिट आत भरलेलं आहे. बाहेर दुपार चढते. पत्रा तापतो, हवा तापते, लाकूड तापतं. आतलं द्रव फुगून ओकच्या छिद्रांत शिरतं, जळक्या थरातून पलीकडे, व्हॅनिलाच्या वासाच्या द्रव्यांपर्यंत. रात्री गार पडलं की मागे हटतं, येताना रंग आणि गंध घेऊन. उद्या पुन्हा. हे आपल्या श्वासाच्या लयीत मनात चालू द्या: आत, बाहेर. स्कॉटलंडच्या गोदामात हीच लय आहे, पण झोपेतल्या माणसासारखी.

आणि प्रत्येक वेळी थोडं उडून जातं. लाकूड ते अडवू शकत नाही. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनएक टक्के. त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. भारतात दहाच्या घरात, कधी जास्त. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षं मुरलेली व्हिस्की काढली तेव्हा तिचं नाव सरळ ‘ग्रीडी एंजल्स’, हावरट देवदूत, ठेवलं. मी गच्चीवर बोटांनी हिशेब केला. दोनशे लिटरचं पिंप, वर्षाला दहा टक्के: पाच वर्षांत एकशे अठरा उरतात. स्कॉटलंडच्या बारा वर्षांत जेवढी उडते, तेवढी इथे अडीच वर्षांच्या आत. हवा कोरडी असली की पाणी जास्त उडतं आणि उरलेली कडक होते. हवा ओली झाली की अल्कोहोल जास्त उडतं आणि ती सौम्य होते. म्हणजे जूनमध्ये पिंप एका बाजूला झुकतं, ऑगस्टमध्ये दुसऱ्या.

इथे विक्रेते येऊन सांगतात की भारतातलं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची तीन किंवा चार. माझा यावर विश्वास नाही. उन्हाने लाकूड लवकर बोलतं, हे खरं. पण पिंपाच्या सांध्यांतून हवा आत येऊन द्रव्यांची आपसात जी सावकाश ओळख होते, तिला ऊन तितकं घाई करू शकत नाही. छुंदा उन्हात ठेवला की पंधरा दिवसांत पारदर्शक होतो आणि सुंदर लागतो. तो वर्षभर मुरलेल्या लोणच्याचा लहान भाऊ नाही, तो छुंदा आहे. भारतातल्या बहुतेक माल्टच्या बाटलीवर वय लिहिलेलं नसतं. लपवाछपवी म्हणून नाक मुरडणारे आहेत. मला ते बरोबर वाटतं. वर्षं हे तिकडचं माप आहे. इंद्रीच्या दिवाळी आवृत्तीला २०२३ मध्ये ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी हरियाणाने स्कॉटलंडला हरवलं असं छापलं. हरवायचं काय त्यात?

हे सगळं सांगताना मला दुसरी बाजू दिसत नाही असं नाही. १९९६ ते १९९८ हरियाणात दारूबंदी होती, बायकांच्या मागणीने आलेली, आणि फरीदाबादचे पुरुष बदरपूरची हद्द ओलांडून दिल्लीत जाऊन यायचे. वर्धा आणि गडचिरोलीच्या बायकांना याहून जास्त माहीत आहे. ज्या घरात रोज संध्याकाळी बाटली येते तिथे कुणी मुरण्याचं मनन करत नाही. म्हणूनच सुरुवातीला बाटली उघडू नका म्हटलं. मी स्वतः पीत नाही. घरात भेट आलेल्या बाटलीचं बूच उघडून एकदा फक्त वास घेतला होता: मनुका, जायफळ, जुन्या कपाटाचं लाकूड, आणि मागे कुठेतरी भाजलेल्या सातूचं पीठ. शेवटचा वास बहुधा माझ्या मनातला.

सहा वाजत आले. ऊन कलंडलंय, लू दमलीय. पाय मोकळे करा आणि आता वाटीकडे बघा. काठ कोरडा आहे, पाण्याची रेघ नखभर खाली गेली आहे. मघापासून आपण पिंपाचा विचार करत होतो, तेव्हा कुठलाही आवाज न करता एवढं पाणी हवेत गेलं.

बरणी हलवून ठेवा आणि वाटी आत घ्या. जूनमध्ये इथे रात्री आंधी येते, आणि बाहेर राहिलेल्या पाण्यावर सकाळी राजस्थानच्या धुळीची साय असते.